सनद, पट आणि फ्रेंच : लहान इमर्शन शाळा कशी पारखावी?

(ऑनलाइन व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोललो. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं, हा तो विषय. व्याख्यान झाल्यावर अमेरिकेतल्या एका श्रोत्या बाईंचा प्रश्न आला. त्यांनी लिहिलं होतं, "सर, प्रत्यक्ष, अनुमान, शब्द हे सगळं समजलं. पण आमच्या घराजवळ एक छोटी फ्रेंच इमर्शन चार्टर शाळा आहे. मुलगी साडेचार वर्षांची आहे. सोडतीचा अर्ज पुढच्या महिन्यात भरायचाय. तुमची प्रमाणं वापरून सांगा, घालू की नको?"

वाचून मला आधी हसू आलं आणि मग जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण हाच प्रश्न दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं मला विचारला होता आणि मी तिला विचार न करता उत्तर दिलं होतं. ते सांगतो पुढे. आज घालू की नको याचं उत्तर मी देणार नाही. ते ठरवताना काय बघायचं, कुठं बघायचं आणि कुणाचं किती ऐकायचं, एवढंच सांगणार आहे.

प्रश्नात तीन शब्द आहेत : चार्टर, इमर्शन आणि छोटी. तिन्ही आधी नीट समजून घेऊ.

चार्टर म्हणजे सनद

चार्टर शब्दाला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, सनद. १९९१ साली मिनेसोटा राज्यानं असा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा सुरू झाली. आज ४०हून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. कल्पना अशी की काही शिक्षक-पालक एकत्र येतात, एक संस्था काढतात आणि 'आम्ही अशी अशी शाळा चालवू' असा प्रस्ताव देतात. राज्यानं नेमून दिलेली एखादी संस्था त्यांना सनद देते. पैसा सरकारी, फी नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढायची.

तुम्ही म्हणाल, ही तर आपली अनुदानित शाळा झाली. व्यवस्थापन खाजगी, पैसा सरकारचा. बरंचसं तसंच आहे, पण एक मोठा फरक आहे. या सनदेला मुदत असते. बहुधा तीन ते पाच वर्षं, काही राज्यांत त्याहून जास्त. मुदत संपली की निकाल, हिशेब, कारभार तपासून सनद पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरतं. नाही ठरलं तर शाळा बंद. आणि दुसरी गोष्ट, पैसा मुलामागे येतो. पट जितका तितका पैसा.

इमर्शन म्हणजे काय

आपल्याकडच्या सेमी-इंग्रजी वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, हे तुम्हाला माहीत आहे. इमर्शन ही त्याच्या बरीच पुढची पायरी. इथं फ्रेंच हा 'विषय' नसतो, फ्रेंच हे माध्यम असतं. पूर्ण इमर्शनच्या शाळेत किंडरगार्टन आणि पहिलीत दिवसाचा ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त वेळ फ्रेंचमध्ये जातो. मूल वाचायलाही आधी फ्रेंचच शिकतं. इंग्रजी वाचन दुसरी-तिसरीत येतं आणि पाचवीपर्यंत साधारण निम्मं-निम्मं होतं. काही शाळा सुरुवातीपासूनच निम्मं-निम्मं ठेवतात. तुमची शाळा यातली कोणती, हा पहिला प्रश्न.

याची सुरुवात कॅनडात झाली. माँट्रियलच्या पलीकडच्या तीरावर सेंट लॅम्बर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना दिसत होतं की मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच शिकतात आणि दुकानात गेली तर दोन वाक्यं बोलता येत नाहीत. त्यांनी शाळा मंडळाच्या मागे लागून १९६५ साली एक प्रायोगिक किंडरगार्टन सुरू करून घेतलं. मॅकगिल विद्यापीठातले वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी ही मुलं वर्षानुवर्षं तपासली आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. नंतर इतर अनेक ठिकाणी दिसलेलं चित्र थोडक्यात असं : सुरुवातीच्या इयत्तांत ही मुलं इंग्रजी वाचनात मागे असतात. इंग्रजी शिकवायला लागलं की बहुधा लवकर भरून काढतात. प्राथमिक शाळा संपेपर्यंत इंग्रजीत कमी नसतात आणि फ्रेंच जास्तीची पदरात पडते.

आता यात एक शब्द लक्षात ठेवा, 'सुरुवातीच्या इयत्तांत'. खर्च आधी होतो, फायदा उशिरा मिळतो. आंब्याचं कलम लावावं तसं आहे. पहिली काही वर्षं फक्त पाणी घालायचं.

छोटी

छोट्या शाळेचं आकर्षण सांगायला नको. मुख्याध्यापकांना प्रत्येक मुलाचं नाव माहीत, पालक एकमेकांना ओळखतात. हे सगळं खरं असतं. पण इमर्शन, चार्टर आणि छोटी हे तिन्ही एका ठिकाणी आले की काय होतं, ते बघा.

साध्या शाळेत तिसरीतलं एक कुटुंब गाव सोडून गेलं तर त्या जागी दुसरं मूल येतं. इमर्शनमध्ये तसं सहज होत नाही. आठ वर्षांचं, फ्रेंचचं अक्षर न शिकलेलं मूल तिसरीच्या फ्रेंच वर्गात बसवायचं कसं? म्हणून वर्ग वरच्या इयत्तेत जाताना बारीक होत जातो. आता हिशेब मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा, मुलामागे वर्षाला १०,००० डॉलर येतात. किंडरगार्टनमध्ये २२ मुलं, म्हणजे २,२०,००० डॉलर. तोच वर्ग पाचवीत ९ मुलांचा उरला तर ९०,०००. शिक्षक मात्र एकच लागतो, खोली तेवढीच लागते, भाडंही तेवढंच. मोठी शाळा हा खड्डा इकडून तिकडून बुजवते. दीडशे मुलांची शाळा तो बुजवणार कुठून? मग चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग होतो, कला-संगीताचे तास जातात, चांगला शिक्षक दुसरीकडे जातो, ते बघून आणखी दोन कुटुंबं बाहेर पडतात.

चार घड्याळं

म्हणजे या शाळेच्या भिंतीवर एकाच वेळी चार घड्याळं चालू आहेत असं समजा.

पहिलं मुलाच्या भाषेचं. त्याला पाच-सहा वर्षं हवीत.

दुसरं सनदेचं. ते कधी कधी तीन वर्षांतच वाजतं.

तिसरं शिक्षकांचं. फ्रेंचमधून गणित शिकवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक अमेरिकेत मुबलक नाहीत. फ्रान्स, बेल्जियम, कॅनडा, आफ्रिकेतले फ्रेंचभाषक देश इथून ते येतात. त्यातले बरेच जे-१ या विनिमय व्हिसावर असतात. तो शिक्षकांना तीन वर्षांसाठी मिळतो आणि फार तर आणखी दोन वर्षं वाढतो. म्हणजे शिक्षक कितीही चांगला असो, त्याची परतीची तारीख ठरलेलीच असते.

आणि चौथं घड्याळ तुमचं स्वतःचं. हे कुणी बघत नाही. नोकरी, व्हिसा, ग्रीन कार्डाची रांग, घराचं भाडं. आपले कितीतरी तरुण तीन वर्षांत दोन शहरं बदलतात. दुसऱ्या शहरात फ्रेंच इमर्शन शाळा असेलच असं नाही, आणि असली तरी तिच्यात दुसरीत जागा मिळेल असं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा शाळेबद्दलचा खरा प्रश्न 'शाळा चांगली आहे का' हा नाही. तो प्रश्न सगळेच विचारतात. खरा प्रश्न असा : 'माझं मूल पाचवी पूर्ण करेपर्यंत ही शाळा हीच शाळा राहील का, आणि आम्ही इथं राहू का?' कारण मधेच बाहेर पडलं तर खर्च झालेला असतो आणि फायदा हाती आलेला नसतो.

माझी चूक

आता माझ्या मुलीची गोष्ट. तिचा फोन आला, "बाबा, अशी अशी शाळा आहे. तुम्ही काय म्हणता?" मी म्हणालो, "अगं, भाषा कधी वाया जाते का? घाल की!" मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला माणूस. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की आधी पुरावा मागा. आणि नातीच्या बाबतीत एका सुभाषितावर निकाल देऊन मोकळा झालो.

नात दोन-तीन वर्षं फार आनंदात होती. दुसरी संपता संपता पत्र आलं की शाळा पुढच्या वर्षी उघडणार नाही. पट कमी पडला, जागेचं भाडं परवडेना. ऑगस्टमध्ये ती घराजवळच्या इंग्रजी शाळेत तिसरीत गेली. पहिल्याच आठवड्यात वाचनाची चाचणी झाली आणि तिला मागे पडलेल्या मुलांच्या गटात बसवलं. फ्रेंचमधली गोष्टीची पुस्तकं ती घडाघडा वाचत होती, पण ते तिथं कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही. फोनवर मला म्हणाली, "आजोबा, मला वाचता येत नाही." सात-आठ वर्षांची मुलगी. आधीच्या शाळेत राहिली असती तर हेच इंग्रजीचं मागे असणं अगदी अपेक्षित, वेळापत्रकाप्रमाणे होतं. नव्या शाळेत तेच दोष ठरलं.

पुढे ती सावरली. चौथीच्या शेवटी तिचं इंग्रजी ठीक झालं, आज उत्तम आहे. फ्रेंच मात्र गेली. एकोणसत्तरपर्यंत आकडे म्हणते, सत्तरला अडखळते, कारण फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ आणि दहा, आणि तिथून पुढचं तिच्यात मुरायचं राहिलं.

मला नंतर जास्त लागलं ते वेगळंच. त्या शाळेच्या संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं वेबसाइटवर होती. दोन वर्षं सतत पट घसरतोय, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही कुणीच ते वाचलं नाही. तेव्हा आता प्रमाणांकडे वळू. या वेळी नीट.

प्रत्यक्ष : वर्गात जाऊन काय बघायचं

शाळा बघायला गेलात की तुम्हाला किंडरगार्टन दाखवतील. छोटी मुलं फ्रेंच गाणं म्हणतात, आपण विरघळतो. तुम्ही नम्रपणे सांगा, आम्हाला सगळ्यात वरचा वर्ग बघायचाय. फळ तिथं दिसणार, रोपवाटिकेत नाही.

फ्रेंच येत नसलं तरी चालेल. तास बघताना कोण बोलतंय ते मोजा. शिक्षिका सतत बोलतेय आणि मुलं एका शब्दात उत्तर देतायत, की मुलं पूर्ण वाक्यं बोलतायत, एकमेकांना कारणं सांगतायत? कॅनडातल्याच मेरिल स्वेन या संशोधिकेनं १९८५ मध्ये हा मुद्दा मांडला. इमर्शनची मुलं ऐकून समजण्यात जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी तयार होतात, पण बोलण्या-लिहिण्यात मागे राहतात, कारण त्यांना बोलायला पुरेसं भाग पाडलं जात नाही. म्हणून चांगली शाळा मुलांच्या तोंडून आणि लेखणीतून भाषा काढून घेते. भिंतीवर लावलेलं मुलांचं लिखाण बघा. पहिलीचं, तिसरीचं, पाचवीचं. वाक्यं लांब होत जातायत का? की पाचवीतही रिकाम्या जागाच भरतायत?

मधल्या सुट्टीत मुलं आपसांत इंग्रजी बोलतील. त्यावरून शाळेला नापास करू नका, ते जवळजवळ सगळीकडे होतं. फ्रेंच पुस्तकांची कपाटं मात्र उघडून बघा. वरच्या इयत्तांना पुरतील एवढी आणि त्या वयाची पुस्तकं आहेत का?

अनुमान : आकडे आणि ओलं लाकूड

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं आग आहे, हे अनुमान तुम्हाला पाठ आहे. पण उलटं म्हटलं, आग आहे म्हणजे धूर असणारच, तर ते चुकतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं लाकूड लागतं. नैयायिक या ओल्या लाकडाला 'उपाधी' म्हणतात. कारण आपण आग धरून बसतो आणि करामत ओल्या लाकडाची असते.

शाळेचे निकाल बघताना हे ओलं लाकूड शोधा. शाळा सांगेल, 'आमच्या पाचवीतली मुलं राज्याच्या सरासरीपेक्षा पुढे आहेत.' असतील. पण अशा शाळेसाठी अर्ज कोण करतं? ज्यांना चौकशी करायला वेळ आहे, सकाळी मुलाला गाडीनं सोडता येतं, घरात पुस्तकं आहेत ते. त्यातही ज्या मुलांना जड गेलं ती वाटेत बाहेर पडली आणि पाचवीत जमलेलीच उरली. मग निकाल शाळेचा किती आणि या निवडीचा किती?

याला चांगला उपाय सोडतीनंच मिळतो. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांनी असा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडतीत इमर्शनला नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांची त्यांनी तुलना केली. अर्ज दोघांनीही केलेला होता, फरक फक्त नशिबाचा. इमर्शनची मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे निघाली. गणित-विज्ञानात नुकसान दिसलं नाही. म्हणजे इमर्शनमध्ये खरंच काहीतरी आहे.

पण इथंही थांबा. तो अभ्यास फ्रेंचचा नव्हता, आणि त्या शाळा एका मोठ्या शहराच्या सरकारी व्यवस्थेतल्या होत्या. त्यांच्यामागे अख्खा जिल्हा उभा होता. तुमच्या छोट्या चार्टरमागे कोण उभं आहे? पोर्टलंडचा निकाल तिला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

छोट्या शाळेत आकड्यांची आणखी एक गंमत असते. पाचवीत दहाच मुलं असतील तर एक मूल चाचणीत पास-नापास झालं की टक्केवारी दहानं हलते. शिवाय मुलं फार कमी असली तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्य तो आकडा जाहीरच करत नाही. म्हणून एका वर्षाच्या निकालावर जाऊ नका. तीन वर्षं एकत्र धरा. तिसरीचे इंग्रजी गुण कमी दिसले तर घाबरू नका. पाचवीपर्यंत तीच मुलं वर येतायत का, ते बघा.

निकालांपेक्षा पट जास्त बोलतो. गेल्या तीन-चार वर्षांचा इयत्तावार पट मागा आणि एकच वर्ग धरून तिरका वाचत जा : यंदाची चौथी गेल्या वर्षी तिसरीत किती होती, त्याआधी दुसरीत किती? गळती दिसेल. मग विचारा : तीन वर्षांपूर्वीचे किती शिक्षक आज आहेत? सनदेची मुदत कधी संपते? मागच्या नूतनीकरणाला काही अटी घातल्या होत्या का? जागा स्वतःची की भाड्याची, करार किती वर्षांचा? एखाद्या महिन्यात पैसे आले नाहीत तर गंगाजळी किती दिवस पुरेल? तुम्हाला हे विचारायला संकोच वाटेल. वाटू देऊ नका. शाळा लोकांच्या पैशानं चालते. बहुतेक राज्यांत तिचं लेखापरीक्षण आणि मंडळाच्या सभा लोकांना खुल्या असतात.

फ्रेंच किती येते याचं बाहेरचं मोजमापही असतं. फ्रान्स सरकारच्या डेल्फ परीक्षा लहान मुलांसाठीही आहेत. पाचवीची मुलं त्या देतात का, कोणत्या पातळीची, हे विचारा. देत नसतील तर मग फ्रेंच कशी मोजता, ते विचारा. 'मुलं छान बोलतात' हे मोजमाप नाही.

शब्द : कुणाचं ऐकायचं

वात्स्यायनानं आप्ताची व्याख्या केली आहे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी लावून बघा. मुख्याध्यापकांना सगळं माहीत असतं, पण त्यांना पट भरायचाय. सध्याच्या पालकांना बरंच माहीत असतं, पण आपला निर्णय चुकला असं कुणालाच म्हणावंसं वाटत नाही. सोडून गेलेल्या पालकांना काही विकायचं नसतं, क्वचित राग असतो. म्हणून तिघांशीही बोला आणि तिघांना एकच प्रश्न विचारा : 'लोक ही शाळा सोडतात तेव्हा का सोडतात?' मुख्याध्यापकांनी याचं सरळ, तपशिलानं उत्तर दिलं तर माझ्या लेखी ती शाळेची मोठी जमेची बाजू.

आणि इतिवृत्तं वाचा. ती तुम्हाला पटवण्यासाठी लिहिलेली नसतात, म्हणूनच उपयोगी. आमच्याकडून राहिली, तुमच्याकडून राहू नयेत.

मराठीचं काय?

हा प्रश्न मला आजी-आजोबा विचारतात, जरा दबक्या आवाजात. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, शाळेत फ्रेंच. पोराच्या डोक्याचं काय होईल? डोक्याला काही होत नाही. पण एक फरक समजून घ्या. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. अख्खं उत्तर अमेरिका तिला सांभाळत होतं. फ्रेंच शिकल्यानं ती जाणार नव्हती. लॅम्बर्ट याला भर घालणारी द्विभाषिकता म्हणत. दुसरी भाषा येते आणि पहिली झिजते, ती वजाबाकीची. आपल्या नातवंडांची इंग्रजी अमेरिका सांभाळेल, फ्रेंच शाळा सांभाळेल. मराठीला सांभाळणारं घराबाहेर कुणी नाही.

म्हणून फ्रेंचसाठी घरातली मराठी कमी करू नका. उलट मराठीतून गोष्टी वाचून दाखवा. टोरांटोच्या जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं की एका भाषेत कमावलेलं वाचनाचं, विचार मांडण्याचं कौशल्य दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतं. आणि घरात आठवड्यातून दोन-तीनदा इंग्रजी पुस्तकही हातात राहू द्या. शाळा अचानक सोडावी लागली तर मूल उघड्यावर पडणार नाही. आमच्या घरी एवढं केलं असतं तरी त्या ऑगस्टमध्ये नातीला तेवढं लागलं नसतं.

शेवटचं. नाव घालायचं ठरलं तर माघारीची वाटही आधीच ठरवा. शाळा बंद झाली किंवा गाव सोडावं लागलं तर कोणत्या शाळेत जायचं आणि तिथल्या शिक्षकांना पहिल्या दिवशी काय सांगायचं. एक कागद पुरे : 'ही मुलगी फ्रेंचमधून वाचायला शिकली आहे. तिला इंग्रजी वाचन अजून कमी शिकवलं गेलं आहे. कृपया तिला वाचता येत नाही असं समजू नका.'

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न : आमचा मुलगा उशिरा बोलायला लागला. त्याला इमर्शन नकोच का?

लगेच नको म्हणू नका. मॅकगिलचेच फ्रेड जेनेसी यांनी अशा मुलांचा बराच अभ्यास केला आहे. ज्या मुलांना शाळेत अडचण येते ती इंग्रजी शाळेत जेवढी अडखळतात, साधारण तेवढीच इमर्शनमध्ये अडखळतात, असं त्यांच्या कामातून दिसतं. प्रश्न मदतीचा आहे. चार्टर शाळा सरकारी शाळाच आहे, विशेष गरजांच्या मुलांसाठीचा कायदा तिलाही लागू आहे. पण छोट्या शाळेत विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतो, त्याला फ्रेंच येतं का, वाचनाची मदत कोणत्या भाषेतून मिळते, हे नेमकं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी शाळा बघा.

प्रश्न : शाळा यंदाच सुरू होतेय. मागचा पट नाही, निकाल नाहीत. मग अशा शाळेत कुणी जाऊच नये का?

कुणीतरी पहिलं जावं लागतंच. सेंट लॅम्बर्टचे पालक पहिलेच होते. पण ते डोळे उघडे ठेवून गेले. मुलांची दरवर्षी तपासणी झाली, इतर शाळांतल्या मुलांशी तुलना झाली. नव्या शाळेला विचारा, तुम्ही स्वतःला कसं मोजणार आहात? पटाचा अंदाज चुकला तर काय करणार? आणि स्वतःला विचारा, दोन वर्षांनी बंद पडली तर आमचं मूल ते पेलेल का? पेलेल असं वाटत असेल तर जरूर जा. मंडळावर बसता आलं तर बसा.

प्रश्न : नात फ्रेंच शाळेत जाते. आम्ही पुण्यात. आम्ही काय करावं?

व्हिडिओ कॉलवर तिला पाहुण्यांसमोर फ्रेंच बोलून दाखवायला लावू नका. मी ते केलंय. मुलं कंटाळतात. तुम्ही तुमच्या मराठीत दिवसभरात काय झालं ते सांगा आणि तिचं ऐका. ती मधे फ्रेंच शब्द घालेल, इंग्रजी घालेल. घालू दे. आणि आईवडलांनी सल्ला विचारला तर माझ्यासारखं 'घाल की' म्हणू नका. म्हणा, "आधी मला त्या शाळेचा इयत्तावार पट पाठव."